ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमात पॉडकास्ट: कुठे चालतो, कुठे फसतो?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. समजा, मुक्त विद्यापीठाचा बी.ए. दुसऱ्या वर्षाचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा ४ क्रेडिटचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. १ क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे एकूण १२० तास. छापील पुस्तिका आहे, मूडलवर, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर, व्हिडिओ आहेत, प्रश्नपेढी आहे. यात प्रत्येक घटकाला एक याप्रमाणे १२ मिनिटांचे १२ पॉडकास्ट भाग जोडायचे आहेत. एकूण २ तास २४ मिनिटं.

विद्यार्थी बहुतेक नोकरी नाहीतर शेती सांभाळून शिकणारे. एसटीत, दुकानात गिऱ्हाईक नसताना, गोठ्यात काम करता करता ऐकतील, असा अंदाज आहे.

विचारायचं ते असं: (१) एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का? (२) मोठा स्टुडिओ नसताना आवाज बरा कसा यावा? (३) ऐकलं की नाही हे कळणार कसं, आणि त्याला गुण द्यावेत का? या विषयातल्या जाणकारांनी लिहावं. "छान उपक्रम" असे प्रतिसाद आले तरी चालतील, पण त्यांचा उपयोग नाही.

तिरकस
छान उपक्रम.

खडूफळा
अर्थ नाही. आकाशवाणीवरचा पाठ मोबाइलमध्ये कोंबला की त्याला पॉडकास्ट म्हणायचं, एवढाच फरक. अर्थशास्त्र आकृतीवर चालतं. "मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो" हे गोठ्यात ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काय येणार? घसरगुंडी. व्हिडिओ आहेत ना, तेच नीट करा.

अडगळ
खडूफळा, आकाशवाणीचं नाव काढलंत म्हणून जरा मागे जाऊ. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, जवळपास दीडशे गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे २०. ग्यानबाची मेख पुढे आहे. नुसतं ऐकायचं नव्हतं. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचा गट एकत्र बसून ऐकायचा, रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करायचा आणि प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचा. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची.

पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने पॉल न्यूरॅथ यांनी केली. गावं तीन प्रकारची निवडली होती: गट असलेली, रेडिओ असूनही गट नसलेली आणि रेडिओच नसलेली. माहितीत ठळक भर पडली ती गटवाल्या गावांत. नुसता रेडिओ असलेली गावं बरीच मागे राहिली.

उलट टोकाचं उदाहरण २००४ चं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या १६०० हून अधिक विद्यार्थ्यांना सरसकट आयपॉड वाटले. पुढच्याच वर्षी धोरण बदललं आणि ज्या विषयात खरोखर वापर आहे तिथेच ते द्यायचे असं ठरलं.

म्हणून गोदाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: १२ मिनिटांनंतरच्या १० मिनिटांत विद्यार्थ्याने काय करायचं ते आधी लिहा. ते सुचत नसेल तर तो भाग करूच नका.

रेघोट्या
अडगळ +१.

आकृतीचा मुद्दा मात्र खडूफळा यांनी अर्धाच मांडलाय. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने कॅसेटच्या जमान्यातच त्यावर तोड काढली होती. कॅसेट आणि छापील आकृत्या एकमेकांना बांधून द्यायच्या. आवाज सांगणार, "आता आकृती ३ पाहा. आडव्या अक्षावर नग, उभ्या अक्षावर किंमत. बोट २० वर ठेवा. कॅसेट थांबवा आणि सरळ रेषेत वक्रापर्यंत या." त्याला ते ऑडिओ-व्हिजन म्हणत. नाव भारदस्त असलं तरी कागद तोच, आवाज तोच. व्हिडिओत आकृती आपोआप पूर्ण होत जाते आणि विद्यार्थी नुसता बघत बसतो. इथे बोट त्याचं स्वतःचं फिरतं.

एसटीत हे जमणार नाही, हे कबूल. म्हणून भागांचे दोन प्रकार करा आणि नावातच लिहा: "चालता-चालता" आणि "पुस्तिका हातात". १२ पैकी ४ दुसऱ्या प्रकारचे पुरेत. उदासीनता वक्र, उत्पादन खर्चाचे वक्र, मक्तेदारीतला समतोल आणि मागणी-पुरवठ्याचा सरकणारा वक्र. बाकीचे आकृतीविना.

आकृतीविना काय चालतं? कांदा. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव चालू असतानाचा आवाज ४० सेकंद ऐकवा. बोली चढते, थांबते, पुन्हा चढते. किंमत कशी ठरते हे त्या ४० सेकंदांत जेवढं कानात बसतं तेवढं आकृतीतून बसत नाही. त्यानंतर लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते: भाव २० रुपयांवरून ४० झाला, म्हणजे १०० टक्के वाढ. घरातली खरेदी महिन्याला ५ किलोवरून ४ किलो झाली, म्हणजे २० टक्के घट. २० भागिले १००, लवचिकता ०.२. मागणी अलवचीक. एका भागात आकड्यांच्या अशा दोनच जोड्या घ्या, तिसरी आली की पहिली निसटते. कानावर पडलेलं लगेच उडून जातं, पानावरच्यासारखी नजर मागे फिरवता येत नाही. संज्ञानात्मक भाराचा सिद्धान्त मांडणाऱ्या जॉन स्वेलर यांच्या परंपरेत यावर बराच विचार झालेला आहे.

तिरकस
कांद्याचा भाव ऐकून अर्धा वर्ग रडेल. लवचिकता राहील बाजूला.

मोनो_ट्रॅक
दुसऱ्या प्रश्नावर. स्टुडिओ लागत नाही, पण पंखा बंद करावा लागतो. आवाज बिघडण्याची कारणं क्रमाने लिहितो, कारण लोक नेमकी उलट्या क्रमाने पैसे खर्च करतात.

पहिलं, खोली. रिकाम्या भिंती आणि फरशी असली की आवाज घुमतो, आणि मागाहून कुठलंही सॉफ्टवेअर तो घुमारा पूर्णपणे काढू शकत नाही. कपड्यांचं उघडं कपाट समोर, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या, खाली सतरंजी. झाला स्टुडिओ.

दुसरं, अंतर. तोंड आणि माइक यांत १५ सेंटिमीटर, माइक तोंडाच्या किंचित बाजूला. थेट समोर धरला की प, फ, भ या अक्षरांना हवेचा धक्का बसतो. "भांडवल", "पुरवठा", "फलन" हे शब्द तर पावलोपावली येणार.

तिसरं, माइकचा प्रकार. शांत खोली नसेल तर कंडेन्सर घेऊ नका, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही तो इमानेइतबारे टिपतो. साधा यूएसबी डायनॅमिक माइक बरा. कॉलर माइक फोनला लावणार असाल तर पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा असतील तरच फोन तो ओळखतो. दोन रेघांचा माइक लावला की फोन गुपचूप स्वतःच्याच माइकवर ध्वनिमुद्रण करतो आणि हे घरी आल्यावर कळतं.

ब्लूटूथ इअरफोनवर मुद्रण करू नका. त्यातला माइक सुरू झाला की जोडणी फोन-कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा नमुनादर ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. म्हणून तो आवाज कस्टमर केअरसारखा येतो.

आता ऑडासिटी, म्हणजे आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर. क्रम चुकवू नका.
मुद्रण मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ. बोलताना पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान नाचली पाहिजे. सुरुवातीला १० सेकंद गप्प बसा, हा खोलीचा नमुना. मग नॉइज रिडक्शन, नमुना त्या १० सेकंदांचा, प्रमाण ६ ते ९ डेसिबल. लोक २४ लावतात आणि वक्ता पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. त्यानंतर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालची घरघर गाळतो), ३:१ प्रमाणात कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करतो) आणि मग लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या भागांचा आवाज एका पातळीवर आणणं.

इथे हमखास चूक होते. मोनो फाइलसाठी लक्ष्य उणे १९ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं एकक), स्टिरिओसाठी उणे १६. पण ऑडासिटीत "मोनोला दुहेरी मोनो धरा" अशी एक खूणचौकट आहे. ती चालू असेल तर आकडा उणे १६ टाकायचा, बंद असेल तर उणे १९. चौकट चालू ठेवून उणे १९ टाकलंत की फाइल ३ डेसिबलने बारीक होते, आणि एसटीत काहीच ऐकू येत नाही. सगळ्यात शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ देत नाही), उणे १ डेसिबल.

निर्यात: एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट), स्थिर दर. बदलता दर ठेवला तर काही जुन्या प्लेअरमध्ये मिनिटांचा काटा चुकतो, आणि "७:३० ला थांबा" सांगितलंत तर विद्यार्थी भलतीकडेच थांबतो. मूळ वेव्ह फाइल टाकून देऊ नका. १२ मिनिटांची साधारण ६४ एमबी होते, असू द्या. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला की तीच लागते.

गोदाकाठ
मोनो_ट्रॅक, वाचनखूण साठवली. काळ्या रेघांचं माहीत नव्हतं. पंखा बंद करून मे महिन्यात नाशिकला १२ मिनिटं बोलायचं म्हणजे तेही एक क्रेडिटच.

मोनो_ट्रॅक
पहाटे ५ ते ७. नाहीतर ३-३ मिनिटांचे तुकडे करून मध्ये पंखा लावा. फक्त तुकड्यांमध्ये माइक हलवू नका, आवाजाचा पोत बदलतो. आणि पहाटे कोकिळा असते, तिला कुठलाच फिल्टर नाही.

सर्व्हरराव
आकारमानाचा हिशोब: ६४ केबीपीएस म्हणजे मिनिटाला ४८० केबी. १२ मिनिटांचा भाग ५.८ एमबी, बाराही भाग मिळून ६९ एमबी. ३२ वर आणलंत तर निम्मं, आणि साध्या बोलण्याला तेही चालतं. लिलावाचा आवाज मात्र ३२ वर चिरका येईल.

पोहोचवायचं कसं, हा खरा कळीचा मुद्दा. नुसतं मूडलवर फाइल टाकणं म्हणजे पॉडकास्ट नव्हे. पॉडकास्ट म्हणजे आरएसएस फीड: अॅप स्वतःहून नवा भाग उतरवून घेतं आणि नेट नसताना तो वाजतो. पण फाइल मूडलच्या लॉगिनमागे ठेवलीत तर अॅपला आत जाता येत नाही. मग होतं काय, ५.८ एमबीच्या जागी ३० केबीची "एमपी३" उतरते आणि वाजत नाही. ती ऑडिओ नसतेच, लॉगिनचं पान असतं. तक्रार मात्र येते की "विद्यापीठाची फाइल खराब आहे".

त्यामुळे ऑडिओ उघड्या होस्टिंगवर, म्हणजे लॉगिन न मागणाऱ्या सर्व्हरवर, आणि प्रश्न, चर्चा, गुण मूडलच्या आत. गुगल ड्राइव्हची लिंक फीडमध्ये घालू नका, ती बऱ्याचदा फाइल न देता पानच देते. होस्ट असा हवा की फाइलचा मधलाच तुकडा मागितला तरी देईल, नाहीतर पुढे सरकवताना अडकतं. मुखचित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेल.

अजून एक. भागात चूक सापडली म्हणून त्याच नावाने दुरुस्त फाइल चढवलीत तर ज्यांनी आधी उतरवली त्यांच्याकडे जुनीच राहते. भागाची ओळखखूण बदलली तर तो नवा भाग म्हणून पुन्हा येतो आणि यादीत दोन दिसतात. त्यातल्या त्यात बरा मार्ग: जुना काढा, नव्याच्या नावात "दुरुस्त" लिहा आणि मूडलवर सूचना टाका.

तिरकस
आरएसएसचा उल्लेख झालेला आहे. आता चर्चा राजकारणात भरकटून धाग्याचा काश्मीर व्हायला किती प्रतिसाद लागतात ते मोजतो.

अनामिक_वाचक
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तिरकस
एक.

खडूफळा
एवढं सगळं करण्यापेक्षा व्हिडिओच यूट्यूबवर ठेवा आणि ज्याला ऐकायचंय तो ऐकेल. फीड, होस्ट, ओळखखूण... शिक्षकाने शिकवायचं कधी?

सर्व्हरराव
खडूफळा, यूट्यूबवर पैसे भरल्याशिवाय स्क्रीन बंद करून ऐकता येत नाही. खिशात फोन ठेवला की आवाज बंद. शिवाय ऐकायलाच वापरायचं तर व्हिडिओचा डेटा कशाला जाळायचा? यूट्यूबवर जरूर ठेवा, पण दुसरी प्रत म्हणून.

एकाच कंपनीच्या अॅपवरही विसंबू नका. आयट्यून्स यू एके काळी विद्यापीठांच्या ऑडिओचं मोठं कोठार होतं, ते २०२१ अखेर बंद झालं. गुगल पॉडकास्ट २०२४ मध्ये गेलं. फीड स्वतःच्या डोमेनवर असेल तर अॅप बदलतं, तुमचे श्रोते तसेच राहतात.

अक्षरओळ
संहितेबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. मराठीत ऐकण्याजोगा वेग मिनिटाला ११० ते १२० शब्द. १२ मिनिटांना १३५० च्या आसपास शब्द धरा. पुस्तिकेतला उतारा जसाच्या तसा वाचलात तर तिसऱ्या मिनिटाला ऐकणारा झोपतो. पुस्तिकेतलं वाक्य बघा:

"अन्य परिस्थिती कायम असताना वस्तूच्या किमतीतील बदलास अनुसरून मागणीत होणाऱ्या सापेक्ष बदलाचे मापन म्हणजे मागणीची किंमत लवचिकता होय."

कानासाठी तेच:

"भाव वाढला. माणसं किती मागे हटली? भरपूर हटली तर मागणी लवचीक. जागची हललीच नाहीत, तर अलवचीक. मिठाचा भाव दुप्पट झाला म्हणून आमटी कोणी अळणी करत नाही."

व्याख्या सोडून द्यायची नाही. आठव्या मिनिटाला, उदाहरण पचल्यावर, सावकाश दोनदा सांगायची, आणि "ही व्याख्या पान अमुकवर आहे" हे म्हणायचं. परीक्षेत तीच लिहावी लागते.

यंत्राच्या आवाजात वाचून घेण्याचा मोह होईल, त्याबद्दल दोन शब्द. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते दिसत नाहीत. "चार" मधला च वेगळा, "चारा" मधला वेगळा. "जरा थांबा" मधला ज वेगळा, "जरा-मरण" मधला वेगळा. यंत्र इथे अडखळतं. "१.५" चं "एक दशांश पाच" करतं, आपण "दीड" म्हणतो. एखादा उच्चार चुकला तर हसू येतं, दर मिनिटाला चुकला तर विश्वास जातो.

वऱ्हाडी_ठेचा
उच्चाराचं निघालंच आहे तर विचारतो. बोलणाऱ्याने पुस्तकी मराठी बोलावं की आपापली? नाशिकच्या अभ्यासक्रमाला वाशीम-गडचिरोलीचे विद्यार्थीही असतात राजेहो. आमच्याकडे काहीच्या काही वेगळे शब्द आहेत.

अक्षरओळ
शिक्षकाने त्याला सहज येते ती बोलावी, संज्ञा तेवढ्या प्रमाण ठेवाव्यात. पाहुणे त्यांच्या बोलीत बोलू देत, ती दुरुस्त करू नये. अडत, हुंडेकरी, तोलाई असे शब्द आले की शिक्षकाने लगेच एका वाक्यात उलगडावेत. तोच अर्थशास्त्राचा पाठ आहे, तोलाई म्हणजे माल तोलण्याचे पैसे, व्यवहार खर्चच की.

कॅप्शनवाली
लेखी प्रत! इतका वेळ वाट पाहिली, कोणी काढलंच नाही.

केवळ ध्वनी असलेल्या सामग्रीला लेखी पर्याय हवा, ही डब्ल्यूसीएजीची (वेबवरची सामग्री दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची) सर्वांत खालच्या, म्हणजे ए पातळीचीच अट आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. कर्णबधिर विद्यार्थ्याला "भाग ५ ऐका आणि उत्तर लिहा" असा गृहपाठ देऊन चालणार नाही.

संहिता आधीच लिहिली असेल तर ८० टक्के काम झालेलं असतं. मुलाखतींसाठी व्हिस्पर (बोलणं ऐकून मजकूर लिहून देणारं सॉफ्टवेअर) वापरता येतं, मराठी चालतं, पण तपासल्याशिवाय प्रसिद्ध करू नका. हमखास चुका: जोडशब्द तुटतात, मराठी शब्दांना हिंदी वळणाचं लेखन येतं, आकडे कधी अक्षरी तर कधी अंकी येतात. आणि शांत जागेत ते न बोललेली वाक्यंही घालतं. लिलावाच्या गोंगाटात तर खासच. मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारत गटाची भारतीय भाषांसाठीची प्रारूपंही ताडून पाहावीत. १२ मिनिटांच्या मुलाखतीच्या दुरुस्तीला दीड तास धरून चाला.

लेखी प्रतीत वेळेच्या खुणा घाला, दर दोन मिनिटांना एक. आवाजांचंही लिहा: "[लिलावाची बोली, भाव चढत जातो]".

खडूफळा
मग माझा प्रश्न असा. लेखी प्रत दिली की ऐकणार कोण? सगळे ती वाचतील, नव्हे, शेवटच्या रात्री चाळतील.

कॅप्शनवाली
वाचू देत की. वाचून गृहपाठ जमला तर तुमचं काय गेलं?

अडगळ
इथे खडूफळा यांच्या बाजूने थोडं बोलतो. वाचून सगळंच मिळत असेल तर तो भाग ध्वनीत करायची गरजच नव्हती, हा त्यांचा युक्तिवाद खरा आहे. म्हणून कसोटी: लेखी प्रतीत जे उतरत नाही ते किती आहे? लिलावाची लय, वादातला सूर, पाहुण्याचं अडखळणं. दोन शिक्षक किमान वेतनावर खरोखर वाद घालतायत हा ध्वनी आहे. एका शिक्षकाने प्रकरण वाचून दाखवलं, तो कागद आहे.

झेरॉक्स
अवांतर वाटेल, पण संगीत आणि उतारे यांबद्दल सावध करतो. सुरुवातीला चित्रपटगीताचे १० सेकंदही नकोत. "१० सेकंदांपर्यंत चालतं" असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, लेखनावरचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सूट आहे. २०१६ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा फोटोकॉपीच्या खटल्यातला निकाल त्याचाच. पण तो वर्गासाठीच्या छापील संचांबद्दल होता. जगाला खुल्या असलेल्या फीडवर तेच पांघरूण पुरेल असं धरून चालू नका. सर्व्हरराव म्हणतात तसं ऑडिओ उघड्यावर ठेवणार असाल तर दुसऱ्याचा लांबलचक उतारा वाचायचा टाळा, लिंक द्या.

पाहुण्याची लेखी संमती घ्या. त्यात तीन गोष्टी: कुठे प्रसिद्ध होणार, संपादन होणार, लेखी प्रत निघणार. बाजार समितीत मुद्रण करताना आधी कार्यालयाची परवानगी, आणि कोणाचं नाव, फोन नंबर ऐकू आला तर तो तुकडा कापा.

तिरकस
व्यापाऱ्याने खरा भाव सांगितला असेल तर तोही कापा. बिचाऱ्याच्या घरी कळेल. हघ्या (हलकेच घ्या).

मोजपट्टी
तिसरा प्रश्न, ऐकलं की नाही कसं कळणार. थोडक्यात, कळत नाही.

होस्टिंगवरचा "डाउनलोड" हा आकडा म्हणजे काय, तर आयएबी या ऑनलाइन जाहिरात उद्योगाच्या संघटनेच्या प्रचलित मोजमापानुसार साधारण १ मिनिटाचा ऑडिओ उतरला की एक मोजतात, आणि एकाच इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून, एकाच अॅपवरून २४ तासांत पुन्हा उतरला तर मोजत नाहीत. म्हणजे भाग उतरवून कधीच न ऐकणारा मोजला जातो. अभ्यासकेंद्राच्या एकाच वाय-फायवर एकसारख्या फोनवरून पाच जणांनी उतरवला तर एक धरला जाण्याची शक्यता. मूडलवरची "पूर्ण" ही खूण पान उघडलं तरी लागू शकते. ती तर आणखी फसवी.

म्हणून ऐकण्याला गुण देऊ नका, ऐकल्यावरच्या कृतीला द्या. प्रत्येक भागाला ३ प्रश्न पुरे. पहिला वस्तुनिष्ठ, भागातल्याच उदाहरणावर, आकडा बदलून. भागात कांदा असेल तर प्रश्नात पेट्रोल. दुसरा आपल्या गावचा: "तुमच्या आठवडी बाजारातली अशी एक वस्तू जिचा भाव वाढला तरी खप फारसा घटत नाही. का?" ४ ओळी, चर्चापटलावर. तिसरा, दुसऱ्या कोणाच्या उत्तरावर एक आक्षेप. हे अडगळ यांच्या १९५६ च्या गटाचंच रूप. आणि पुढच्या भागाची पहिली दोन मिनिटं त्यातल्या दोन-तीन उत्तरांना द्या. आपली ओळ पुढच्या भागात येते म्हटल्यावर लोक ऐकतात.

यात अडचण अशी की मग सगळे भाग सत्राआधी तयार करून ठेवता येत नाहीत. १० मिनिटं आधी, २ मिनिटं त्या आठवड्यात, असं करा. मोनो_ट्रॅक, दोन वेगळ्या दिवसांचा आवाज जोडता येतो ना?

मोनो_ट्रॅक
जोडायचा प्रयत्न करूच नका. मध्ये ३ सेकंदांची धून टाका, फरक कानाला खटकत नाही. दोन्ही तुकडे मात्र एकाच लाउडनेसवर आणा.

रेघोट्या
एक पायरी पुढे: सत्रात एकदा विद्यार्थ्यांनाच ५ मिनिटांचा भाग करायला लावा. २० गुण. संकल्पना बरोबर ८, स्थानिक उदाहरण ६, ऐकण्याजोगी मांडणी ४, आवाजाची स्पष्टता २. स्पष्टतेला २ च, नाहीतर महागडा फोनवाला जिंकतो. आणि लेखी पर्याय त्याच गुणांना ठेवा.

सर्व्हरराव
रेघोट्या, सूचनेत "फक्त एमपी३" लिहू नका. आयफोन एम४ए देतो, व्हॉट्सअॅपवरून बाहेर काढलेला व्हॉइस मेसेज ओपस असतो. मूडलच्या असाइनमेंटमध्ये हे सगळे प्रकार मान्य करून ठेवा, नाहीतर मुदतीच्या रात्री ११ वाजता निम्मे विद्यार्थी फाइल बदलायच्या संकेतस्थळांवर फिरत असतात.

मोजपट्टी
आणि संहिता चॅटबॉटने लिहून दिलेली असू शकते. यंत्राने पकडायला जाऊ नका, निरपराध सापडतात. ३ मिनिटांचा फोन करा, त्यांच्याच उदाहरणातला भाव बदलून विचारा. ज्याने बाजारात जाऊन पाहिलंय तो लगेच सांगतो.

खडूफळा
१५० विद्यार्थी गुणिले ३ मिनिटं, साडेसात तास. कोण करणार?

मोजपट्टी
सगळ्यांना नको. चिठ्ठ्या टाकून २० जणांना. एक तास. कोणाला येईल हे आधी कळत नाही, एवढंच पुरतं.

खडूफळा
हं. हे चालेल.

तिरकस
धागा वर आणतोय. खडूफळा "चालेल" म्हणाले, स्क्रीनशॉट घेतलेला आहे.

गोदाकाठ
मंडळी, मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून आराखडा बदलला:

१२ ऐवजी ८ भाग. ५ "चालता-चालता", ३ "पुस्तिका हातात". उत्पादन खर्चाच्या वक्राचा भाग गाळला, तो व्हिडिओतच राहू दे. एकूण ९६ मिनिटं, ६४ केबीपीएसला ४६ एमबी. प्रत्येक भागात शेवटची दोन मिनिटं विद्यार्थ्यांच्या उत्तरांची. मोजपट्टी पहिली दोन म्हणतात, पण सुरुवातीलाच मागच्या भागाचं निघालं तर नवा ऐकणारा गोंधळेल.

एका भागाला लागणारा वेळ असा धरलाय: संहिता ३ तास, मुद्रण १, संपादन २, लेखी प्रत दीड, प्रश्न अर्धा. ८ तास. आठ भागांना ६४. हे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजून द्यावेत असं प्रस्तावात लिहितेय, नाहीतर तिसऱ्या भागानंतर सगळं थांबेल.

एकच शंका उरली. "पुस्तिका हातात" भागात थांबायची खूण कशी द्यावी? घंटा की शांतता?

रेघोट्या
दोन्ही. आधी तोंडी "थांबवा", मग घंटा, मग ३ सेकंद शांतता. नुसती लांब शांतता ठेवलीत तर फोन बंद पडला असं वाटतं. शिवाय काही अॅप शांत जागा आपोआप गाळतात. आणि दर वेळी घंटा तीच ठेवा.

मोनो_ट्रॅक
आणि घंटा व्हॉट्सअॅपच्या नोटिफिकेशनसारखी नको. सगळे थांबून मेसेज बघायला जातील.